बेचाळीस सेकंदांची अळी

मित्रांनो, मी एक जुना मोबाईल आहे. जुना म्हणजे किती, तर माझ्या पाठीचं झाकण रबराने बांधून ठेवलंय आणि बॅटरी इतकी फुगली आहे की मला टेबलावर ठेवलं तर मी डुलतो. बुलढाणा जिल्ह्यात, नांदुरा तालुक्यात वडनेर भोलजी नावाचं मोठं गाव आहे, तिथे बेबीताईंच्या घरातल्या कोनाड्यात माझा मुक्काम असतो. छत्र्यांनी, सायकलींनी, फाटक्या पुस्तकांनी तुम्हाला आपापली कहाणी सांगितली असेल. ते सगळे म्हणतात की आम्ही जन्मभर सेवा केली आणि तुम्ही आम्हाला विसरलात. मला तसं म्हणण्याचं तोंड नाही. सेवा मीही केली, पण माझ्यामुळे एका भल्या माणसाचं नाव मातीत गेलं, आणि ते सांगितल्याशिवाय मला कायमचं बंद पडायचं नाही.

माझा जन्म दूरदेशीच्या एका कारखान्यात झाला. कोणा मुलीने चिमट्याने माझ्या पोटात बारीक बारीक तुकडे बसवले आणि मला पुढे सरकवलं. तिने मला चालू होतानाही पाहिलं नाही. मग खोका, जहाज, गोदाम असं करत मी नांदुऱ्याच्या स्टेशन रोडवरच्या एका दुकानात काचेमागे येऊन बसलो. दोन हजार पंधराच्या दिवाळीत संघपालने मला तिथून उचललं.

संघपाल म्हणजे बेबीताईंचा एकुलता एक मुलगा. चाळिशीला आलेला, सहा एकर कोरडवाहू कापूस करणारा, आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर स्वतःचं मत असणारा. मी घरात आलो आणि त्याच्या मतांना पाय फुटले. सकाळी चहाच्या टपरीवर तो मला समोर धरून बातम्या वाचायचा. विशेषतः नव्या यंत्रांच्या, नव्या शोधांच्या बातम्या. "पाह्य बे कडूबा, आता बिनाड्रायव्हरची गाडी येऊन राह्यली म्हनते. ते गाडी आपल्या गावच्या रस्त्यावर आणा म्हना एकदा. खड्डा पाहून ते स्वतःच खाली उतरन अन् पायी जाईन." टपरी हसायची. कडूबा हा त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. तो सगळ्यात मोठ्याने हसायचा.

ते माझे मानाचे दिवस होते. माझ्या पडद्यावर हवामान दिसायचं, कापसाचे भाव दिसायचे, पुण्याला असलेल्या बेबीताईंच्या भाचीचं तोंड दिसायचं. भीमजयंतीच्या मिरवणुकीचे फोटो मी काढले, ते साऱ्या गावाने पाहिले. संघपालने 'आपलं वडनेर' नावाचा ग्रुप काढला आणि दोन महिन्यांत त्यात अडीचशे माणसं आली. सकाळी सहापासून माझ्या अंगावर गुलाबाची फुलं पडायला लागायची. ज्या माणसाने शेजाऱ्याला वर्षभरात रामराम केला नव्हता, तो त्याच शेजाऱ्याला रोज फुलं पाठवायचा. मला गंमत वाटायची. माझ्यामुळे माणसं जवळ येताहेत असं मी स्वतःला सांगायचो, आणि खरं सांगतो, मला थोडा गर्वही झाला होता.

नव्या फोनच्या बातम्या आल्या की मात्र माझा जीव खालीवर व्हायचा. दरवर्षी म्हणे आणखी पातळ, आणखी वेगवान. आता इतक्या वर्षांनी मी माझं मत सांगतो. पातळ होऊन माणसाचं काय भलं झालं ते मला कळलेलं नाही. आणि वेग कशासाठी हवा, हे त्या बातम्यांत कधीच लिहिलेलं नसतं.

दोन हजार सोळाच्या जून महिन्यात संघपाल बियाणं घ्यायला गेला. गावात हमरस्त्याला लागून फकीर मोहम्मद यांचं कृषी केंद्र होतं. बावीस वर्षांचं दुकान. सगळा गाव त्यांना चाचा म्हणायचा. चाचांची एक सवय होती: नुसतं पाकीट हातात देऊन ते गिऱ्हाइकाला सोडत नसत. जमीन कोणती, शेताच्या कडेचा धुरा कुठे, पाणी कुठे साचतं, असं विचारून मग सांगायचे. बीटी कापसाच्या मोठ्या पाकिटासोबत तेव्हा एक छोटं पाकीटही मिळायचं. त्यात साधं, बिनबीटी बियाणं असे. ते वावराच्या चारी कडांनी लावायचं, म्हणजे अळ्यांना तिथे खाणं मिळतं आणि आतल्या बीटी पिकाची ताकद टिकते, अशी त्यामागची युक्ती. ते बी फुकटचं दिसायचं, म्हणून कोणी ते फेकून द्यायचं, कोणी घरी आणून माळ्यावर टाकायचं.

"संघपाल, हे छोटं पाकीट धुऱ्यानं लावजो बेटा. वावराच्या कडीनं पाच ओळी. आत नको लावू, समजलं का?" चाचा म्हणाले.

"हो चाचा, हो," संघपाल म्हणाला.

त्याने ते ऐकलं नव्हतं. तो माझ्याकडे पाहत होता. माझ्यावर त्या वेळी एका नव्या फोनची बातमी आली होती, जो म्हणे पाण्यात पडला तरी चालतो. बातमी वाचून तो हसला आणि चाचांनाही म्हणाला, "पाण्यात पडनारा फोन आला चाचा, आपल्याकडं पानीच नाही." चाचाही हसले. दोन्ही पाकिटं पिशवीत गेली आणि आम्ही घरी आलो.

पेरणी झाली. मग आठ दिवस पावसाने ओढ दिली, आणि ओळींमध्ये जागोजाग बी उगवलंच नाही. अशा रिकाम्या जागांना नांग्या म्हणतात, आणि त्या भरून काढाव्या लागतात. बेबीताई ते काम करायला निघाल्या. मोठ्या पाकिटातलं बी संपलं होतं. कपाटात छोटं पाकीट होतं. जिने आयुष्यभर दाणा दाणा वेचला, ती बाई बियाण्याचं पाकीट फेकणार थोडीच! त्यांनी ते पाकीट घेतलं आणि वावरभर फिरून त्यातलं बी नांग्यांत टोबलं.

संघपाल तिथेच बांधावर होता. म्हातारी आई वाकून बी टोबते आहे, मागे ढग आलेत, हातात चकचकीत पाकीट आहे, हे त्याला फारच साजरं दिसलं. त्याने माझ्यातून फोटो काढला. रंग जरा गडद केले आणि 'माय, माती अन् मी' असं लिहून डीपीला लावला. त्याला भराभर हात जोडलेले आले, लाल बदाम आले. बेबीताईंना त्याने दाखवलं तर त्या म्हणाल्या, "माह्यी पाठ दुखून राह्यली अन् तू फोटो काढत होता? यायचं नव्हतं का दोन नांग्या भराले?"

त्या फोटोत पाकीट स्पष्ट दिसत होतं. पाहणाऱ्यांपैकी निम्मे तरी कापूसवाले होते. पण फोटो पाहतो कोण? फोटोला बदाम देतात आणि अंगठ्याने वर सरकवतात.

सप्टेंबर आला. त्याच महिन्यात नेट जवळजवळ फुकट झालं, आणि तुम्हाला सांगतो, गावाला जणू दुसरं तोंड फुटलं. आधी लोक एखादा व्हिडिओ पाठवताना जपून असायचे, आता दिवसभर पाठवायला लागले. जेवताना, बकऱ्या चारताना, एसटीची वाट पाहताना. जे दिसलं ते पुढे. 'उचलली जीभ लावली टाळ्याला' अशी म्हण आहे ना, आता जीभही उचलायची गरज उरली नव्हती.

एका सकाळी संघपाल वावरात गेला. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, छातीला आली होती, बोंडं धरली होती. एका झाडाजवळ त्याला एक बोंड पोखरलेलं दिसलं. ते फोडलं तर आत हिरवी, जाडजूड अळी. बीटी कापसात ही अळी यायलाच नको, म्हणून तर ते महागाचं बी घ्यायचं. त्याने मला बाहेर काढलं आणि व्हिडिओ सुरू केला. पण तेवढ्यात अळी खाली पडली आणि मातीत गेली.

आता नीट ऐका, कारण माझा अपराध इथे सुरू होतो. व्हिडिओ चालूच होता. त्याने शेजारच्या झाडाचं बोंड तोडून फोडलं. स्वच्छ होतं. त्याच्या पलीकडच्या झाडाचं फोडलं. तेही स्वच्छ, पांढरंशुभ्र. मग तो पहिल्या झाडाकडे परत आला, आणखी एक बोंड फोडलं, त्यात अळी मिळाली. ती त्याने माझ्या डोळ्याजवळ धरली.

"पाहा दोस्तहो! बीटी म्हनून देल्लं अन् बोंडात हे अळी! वडनेरच्या फकीर मोहम्मदच्या दुकानातलं बियाणं हाय. बोगस हाय. शेतकऱ्याले फसवून राह्यले. सावध राहा अन् पुढं पाठवा!"

बांधावर बसून त्याने व्हिडिओ पाहिला आणि दोन स्वच्छ बोंडांचा भाग कापून टाकला. खोटं बोलायचं म्हणून कापला नाही. तो भाग कंटाळवाणा होता. अळी नसलेलं बोंड कोण पाहणार? उरले बेचाळीस सेकंद. शितावरून भाताची परीक्षा करतात हे खरं, पण शितं निवडून घेत नाहीत. मी ते सगळं पाहिलं होतं. कापायला कात्री माझीच होती. त्याने बोट दाबलं आणि मी तो व्हिडिओ अडीचशे माणसांना एका दमात पोचवला.

कडूबाने तो आपल्या चार ग्रुपांत टाकला. दुपारपर्यंत नांदुरा, संध्याकाळी मलकापूर, दुसऱ्या दिवशी संग्रामपूरकडची गावं. माझं अंग सतत थरथरत होतं. 'शाब्बास भाऊ', 'अशीच पोलखोल करत राहा', 'शेतकरीपुत्र'. ज्यांनी जन्मात पऱ्हाटी पाहिली नव्हती असे लोक मुंबई-पुण्याहून सल्ले द्यायला लागले. मग कोणी तो फेसबुकवर टाकला आणि मजकूर बदलत गेला. चाचांचं नाव वाचून लोकांनी त्याखाली त्यांच्या धर्मावर असं काही लिहिलं की ज्याचा कापसाशी काडीचा संबंध नव्हता. संघपालने ते वाचलं. त्याला बरं वाटलं नाही. पण त्याने काढायला सांगितलं नाही, कारण खाली बघ्यांचा आकडा वाढत होता आणि तो आकडा त्याला सुटत नव्हता.

त्या दिवसांत मला सात वेळा चाचांचा फोन आला. पडद्यावर 'फकीरचाचा' असं नाव उमटायचं आणि मी वाजायचो. संघपाल लाल खूण दाबायचा. चौथ्या वेळेनंतर त्याने मला मुकं केलं. उरलेल्या तीन वेळा मी नुसताच थरथरलो.

चाचांच्या दुकानात त्यानंतर गिऱ्हाईक फिरकलं नाही. कोणी भांडायला गेलं नाही, दगड मारले नाहीत. पण एका सकाळी शटरवर चुन्याने 'बोगस' असं लिहिलेलं होतं. चाचांच्या पत्नी हुस्नबानोंनी ते घासून काढलं, तरी उन्हात ती अक्षरं दिसायचीच. ज्यांना चाचांनी हातात पाकीट ठेवून 'पैशाचं मागाहून पाहू' म्हटलं होतं, ते रस्त्याच्या पलीकडून जायला लागले. कृषी खात्याचे साहेब तपासणीला आले, बियाण्याचे नमुने नेले. महिन्याने निकाल आला की बियाणं चांगलं आहे. तो कागद चाचांनी दुकानाच्या दारावर चिकटवला. कागद वाचायला थांबायला लागतं. कोणी थांबलं नाही, आणि मार्चअखेरीला दुकान बंद झालं.

त्याच सुमारास माझं पोट भरलं. जागा शिल्लक नाही, असं मी सारखं सांगायला लागलो. संघपाल ओट्यावर बसून जुने व्हिडिओ, फुलं, सुविचार खोडत बसला होता. खोडता खोडता तो त्या फोटोवर आला. 'माय, माती अन् मी'. त्याला तो पुन्हा आवडला. त्याने दोन बोटांनी आईचा चेहरा मोठा केला, मग हात, मग पाकीट. पाकिटावर ठळक छापलेलं होतं, नॉन बीटी.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तशी गत होती. ज्या गोष्टीसाठी गावभर बोंब मारली, तिचं उत्तर नऊ महिने माझ्याच पोटात पडलं होतं. मी ते दाखवू शकलो नाही. मला विचारलं तेवढंच मी दाखवतो.

"माय," त्याने हाक मारली, "नांग्या तू कोन्त्या पाकिटातल्या बियानं भरल्या व्हत्या?"

"लहान्या," बेबीताई आतून म्हणाल्या. "मोठ्यातलं तं सरलं होतं ना. काऊन?"

त्याने काऊन ते सांगितलं. बेबीताई बाहेर येऊन खाली बसल्या.

संघपालने मला हातात घेतलं आणि फोटोवर बोट दाबून ठेवलं. मी विचारलं, हा फोटो काढून टाकायचा का? खाली दोन पर्याय होते, हो आणि नाही. मित्रांनो, त्या क्षणी मला किती वाटलं म्हणून सांगू की मला तोंड असतं तर! पण मी फक्त विचारू शकत होतो. त्याचा अंगठा 'हो'वर आला होता. एवढं एक पुसलं की झालं, जगात कोणालाच कळणार नव्हतं.

"खोडू नको," बेबीताई म्हणाल्या. त्यांना वाचता येत नव्हतं, पण मुलाचं तोंड वाचता येत होतं. "माह्या सासूले गावच्या हिरीवर कोणी पानी भरू देत नव्हतं. ते सांगे, लोकं शिव्या देत त्याचं काही वाटत नव्हतं, लोकं पाह्यत नव्हते त्याचं वाटे. ते आपल्या वाट्याले आलं होतं बाबू. आपनच ते उचलून चाचाच्या वाट्याले देल्लं. चाल, ऊठ."

तो उठला. चाचांचं घर आमच्या घरापासून पाचशे पावलांवर होतं. इतक्या महिन्यांत तो तिकडे गेला नव्हता.

हुस्नबानोंनी दार उघडलं. त्यांनी बाजेवर सतरंजी टाकली आणि पाणी आणून दिलं. चाचा आतून आले. ते वाळले होते. संघपालने मला पुढे केलं, फोटो मोठा करून दाखवला आणि सगळं सांगितलं. पाकीट, नांग्या, कापलेली दोन बोंडं, सगळं.

चाचांनी चष्मा लावून फोटो पाहिला आणि मला परत दिलं.

"मले काऊन दाखवतं बेटा? मले तं पह्यल्याच दिवशी समजलं होतं. तुह्या व्हिडिओत बाजूची पऱ्हाटी छातीला, अन् अळीचं झाड कमरेला. मंगून लावलेलं झाड हाय ते, नांगीतलं. मी तुले तेच सांगाले फोन लावत होतो."

संघपालची मान खाली गेली. मी त्याच्या हातात होतो. सात वेळा ते नाव माझ्याच तोंडावर उमटलं होतं, आणि आता ते माझ्याकडे पाहत होते. मला लाज वाटली.

"मले माफ करा चाचा," संघपाल म्हणाला.

"मी केलं. पण मले माहीत हाय ते मले दाखवून काय फायदा? ज्याइले माहीत नाही त्याइले दाखव." मग ते म्हणाले, "बेबीताईले बोलू नको. त्याइनं बी वाया जाऊ देल्लं नाही, बस."

त्याच दिवशी संघपालने नवा व्हिडिओ केला. फोटो दाखवला, स्वतःची चूक सांगितली, चाचांची माफी मागितली आणि पुढे पाठवा म्हणून हात जोडले. मी तो तितक्याच वेगाने पोचवला. माझ्या बाजूने मी कसूर केली नाही. दोन दिवसांत तो अकरा जणांनी पाहिला. कडूबाने लिहिलं, 'जाऊ दे ना भाऊ, जुनी गोष्ट झाली.' त्याखाली कोणी तरी गुलाबाचं फूल टाकलं.

माझ्या जातभाईंच्या वेगाचं फार कौतुक चालतं ना, म्हणून सांगतो. हा वेग सगळ्यांना सारखा मिळत नाही. अळी पाहायला माणसं धावतात, पाकीट वाचायला कोणाला सवड नसते. तेव्हा संघपालने चपला घातल्या. त्या उन्हाळ्यात तो बाजाराच्या दिवशी मला खिशात घालून गावोगाव फिरला. नांदुऱ्याच्या बाजारात, जिनिंगच्या फाटकापाशी, टपऱ्यांवर तो मला बाहेर काढायचा, फोटो दाखवायचा आणि म्हणायचा, 'तो व्हिडिओ माहा होता, अन् खोटा होता.' काहींनी ऐकून घेतलं. एकाने विचारलं, "दुकानदारानं किती देल्ले?" तो पुढच्या माणसाकडे गेला.

संग्रामपूर तालुक्यातल्या सोनाळ्याला तो एकदा एसटीने गेला. तिथे चहाच्या दुकानात महादेवराव नावाचे एक वयस्कर शेतकरी भेटले. बियाण्याची गोष्ट निघाली. संघपालने तोंड उघडायच्या आत त्यांनीच आपला फोन पुढे केला. "हे पाहून घ्या भाऊ, पेरनीच्या आंधी. वडनेरचा एक दुकानदार कसा फसोते ते." आणि त्या दुसऱ्या फोनमधून संघपालचा आवाज ऐकू आला. मी खिशात होतो. आपण केलेलं पाप दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं काय असतं ते मला त्या दिवशी कळलं.

"हा आवाज कोनाचा हाय, माहीत हाय का तुमाले?" संघपालने विचारलं.

"असन कोनी भला मानूस. शेतकऱ्याची तळमळ हाय त्याले."

"मीच तो."

महादेवरावांचा चेहरा फुलला. "तुम्ही? अबे, या रे इकडं, हे ते व्हिडिओवाले भाऊ! या ना, एक फोटो काढू द्या तुमच्या संगं." त्यांनी त्याच्या खांद्यावर हात टाकून फोन वरही धरला. संघपालने तो हात हळूच बाजूला केला आणि सगळी हकीकत सांगितली. महादेवराव ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे खोटा हाय? पन मी तं सत्तर जनाइले पाठोला."

"मंग त्याइले सांगा."

"आता कोन कोन होते, ते कुठं ध्यानात ऱ्हायते भाऊ?" ते खजील होऊन म्हणाले. बिचाऱ्यांचा तरी काय दोष. चहाचे पैसे त्यांनी दिले.

पुढच्याच हंगामात गुलाबी बोंडअळी आली आणि सगळ्या विदर्भातली बीटी कपाशी पोखरून गेली. कोणाचंही दुकान असो, कोणतंही बियाणं असो. त्या हाहाकारात लोकांना आमचा व्हिडिओ पुन्हा आठवला. तो नव्या मजकुरासह पुन्हा फिरला. संघपालचं स्वतःचं वावरही गेलं होतं, तरी तो प्रत्येक ठिकाणी खाली लिहायचा, 'हा व्हिडिओ माझा आहे, खोटा आहे', आणि पुढे आपलं नाव. लोकांनी त्याला शिव्या दिल्या. त्याच्या पुढच्या वर्षी बातमी आली की आता एक गोष्ट पाच ठिकाणीच पुढे पाठवता येईल. टपरीवर ती वाचून संघपाल म्हणाला, "बैल गेला अन् झोपा केला." त्या दिवशी कोणी हसलं नाही.

चाचांनी दुकान पुन्हा उघडलं नाही. ते आणि हुस्नबानो अकोल्याला मुलाकडे, मोईजकडे राहायला गेले. जाताना चाचांनी ओळखीच्या प्रत्येकाला कडेच्या पाच ओळींचं पुन्हा बजावलं. तिसऱ्या वर्षी ते तिकडेच वारले. संघपाल मातीला गेला होता. मोईजने त्याला ओळखलं, बाजूला सरकून जागा दिली आणि पुन्हा तोंड फिरवलं.

आता संघपालकडे नवा फोन आहे. मी बेबीताईंच्या कोनाड्यात असतो, दिवसातून दोनदा भाचीशी बोलायच्या कामाला येतो. शेजारच्या घरातून नव्या बातम्या कानावर पडतात. आता म्हणे झाडाचा फोटो काढला की फोनच रोग सांगणार, औषधही सांगणार. चांगलं आहे, सांगू दे. पण ते झाड ओळीतलं आहे की नांगीतलं, हे त्याला कोण सांगणार? त्यासाठी बांधावरून उठून दोन नांग्या स्वतः भराव्या लागतात.

मित्रांनो, मला जपा, माझी काच फोडू नका, असं मी म्हणणार नाही. काच बदलून मिळते. एवढंच मागतो, की एखाद्याचं नाव घेऊन काही चार लोकांत पाठवण्याआधी त्याला एक फोन लावा. आणि त्याचा फोन आला तर उचला. मी मुळात त्याच कामासाठी जन्माला आलो होतो, आणि नेमकं तेवढंच काम माझ्याकडून त्या आठवड्यात कोणी करून घेतलं नाही.

चाचांचा नंबर अजून माझ्यात आहे. पेरणीचे दिवस आले की संघपाल येतो, मला कोनाड्यातून काढतो आणि तो नंबर लावतो. तो लागणार नाही हे त्याला माहीत आहे. तरी तो मला कानाला धरून सात वेळा लावतो.